इंडक्शनवरचे पहिले पंधरा दिवस

पोहे मी गेली तीस वर्षं हाताच्या सवयीने करते. कढई ठेवायची, तेल घालायचं आणि वळून कांदा चिरायला घ्यायचा. अर्धा कांदा चिरून होतो तेवढ्यात तेल तापतं. घरी इंडक्शन आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेमकं हेच केलं. दोन फोडी चिरल्या असतील-नसतील, मागून धुराचा वास आला. घाईने मोहरी टाकली. ती तडतडली नाही, थेट काळी होऊन ओट्यावर उडाली. हिंगाचा कोळसा झाला, हळद तपकिरी पडली. ते पोहे आम्ही खाल्ले, कारण फोडणी जळली म्हणून पोहे टाकून देण्याची आमच्याकडे पद्धत नाही. "तीळ घातलेस का आज?" एवढंच यजमानांनी विचारलं.

पुढच्या पंधरा दिवसांत दूध करपलं, डाळ कच्ची राहिली, थालीपिठावर काळी बांगडी उमटली आणि अर्धा किलो बेसन कडू झालं. हे सगळं मी इथे लिहिते आहे ते एवढ्यासाठी की यातलं काहीही माझ्या हाताच्या चुकीने झालं नव्हतं आणि यंत्रातही बिघाड नव्हता. आपला सगळा स्वयंपाक ज्योतीच्या भाषेत शिकलेला असतो. 'मंद आचेवर', 'मध्यम आचेवर', 'तीन शिट्ट्या', 'तेल तापेपर्यंत' ही सगळी मापं विस्तवाकडे बघून ठरलेली आहेत. इंडक्शनवर बघायला विस्तवच नसतो. त्यामुळे प्रत्येक पदार्थ एकदा नव्याने मोजून घ्यावा लागतो. तेवढं केलं की यंत्र अतिशय गुणी आहे.

आधी चुंबक हातात घ्या

इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो आणि वर सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. अशा बदलत्या क्षेत्रामुळे धातूत वीज खेळू लागते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलं होतं. लोखंडी बुडाचं भांडं वर ठेवलं की त्या बुडातच प्रवाह फिरतो आणि बूड तापतं. काच नुसती मध्ये असते. म्हणजे इथे चूल वेगळी आणि भांडं वेगळं असं नाही, भांड्याचं बूड हीच चूल.

म्हणून ज्या भांड्याला चुंबक चिकटत नाही ते या चुलीला कळतच नाही. ॲल्युमिनियमची कढई, हिंडालियमचं पातेलं, आईकडून आलेलं पितळेचं पातेलं, मातीची भांडी, काचेची भांडी, सगळी बाद. ठेवलंत तर यंत्र टुंटुं वाजतं, पडद्यावर काहीतरी चूक-क्रमांक दाखवतं आणि बंद होतं. मी पहिल्या संध्याकाळी यंत्र बिघडलं म्हणून दुकानात फोन लावला होता. तुम्ही तसं करू नका, भांडं बदलून बघा.

फ्रिजवर चिकटवलेलं लोहचुंबक काढा आणि मांडणीवरच्या एकेका भांड्याच्या बुडाला लावून पाहा. नीट घट्ट चिकटलं तर भांडं चालेल. नुसतं लटकल्यासारखं चिकटलं तर भांडं तापेल पण रडत-रखडत. स्टीलच्या बाबतीत हमखास फसायला होतं, कारण दोन पातेली दिसायला जुळी असतात आणि एकाला चुंबक चिकटतं, दुसऱ्याला नाही. ज्या स्टीलमध्ये निकेलचं प्रमाण चांगलं असतं ते बहुधा चुंबकाला दाद देत नाही. म्हणजे भारी म्हणून जपलेलं पातेलं बाद आणि साधं पास, असंही होतं. माझ्या चौदा भांड्यांपैकी पाच पास झाली. त्यात सगळ्यात पहिला नंबर सासूबाईंच्या बिडाच्या तव्याचा. तो इतका घट्ट चिकटला की चुंबक ओढून काढावं लागलं.

बूड सपाट हवं, हे दुसरं. गोल बुडाच्या कढईचा काचेला जेमतेम रुपयाएवढा भाग टेकतो. बूड लहानही चालत नाही. साधारण बारा सेंटिमीटरपेक्षा लहान बूड बरीच यंत्रं ओळखत नाहीत, त्यामुळे वरून फोडणी द्यायची आपली लोखंडी पळी लोखंडाची असूनही इथे निकामी ठरते. मी त्यासाठी सपाट बुडाचं एक छोटं स्टीलचं पातेलं घेतलं आणि ते फोडणीलाच ठेवलंय. जुनी भांडी चालावीत म्हणून काचेवर ठेवायची एक लोखंडी चकती बाजारात मिळते. घेऊ नका. चकती भयंकर तापते, तिची उष्णता काचेत उतरते आणि इंडक्शनचा वेग हा जो मुख्य फायदा, तोच जातो.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. भाड्याच्या घरातली प्रत्येक काळी काच इंडक्शनची नसते. काचेखाली लाल भडक वेटोळं दिसत असेल तर ती साधी विजेची शेगडी आहे. तिला कुठलंही सपाट भांडं चालतं, पण बंद केल्यावरही ती बराच वेळ तापलेली राहते. माझ्या भाचीने तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळी ॲल्युमिनियमची भांडी वाटून टाकली आणि मग तिला कळलं की तिच्याकडे इंडक्शन नाहीच.

फोडणी, दूध आणि कुकर

पोहे का जळले ते मी नंतर हिशेब करून पाहिलं. गॅसच्या ज्योतीची बरीच उष्णता भांड्याच्या कडेने वर निघून जाते. भारतीय मानकानुसार घरगुती गॅस शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते, म्हणजे कसोटीला उतरलेल्या शेगडीतूनही जवळपास तिसरा हिस्सा वाया जाऊ शकतो. इंडक्शनमधली साधारण ८५ टक्के उष्णता भांड्यात उतरते. एक लिटर पाणी माझ्या गॅसवर उकळायला साडेपाच मिनिटं लागतात. २००० वॅटवर ते तीन मिनिटांत खदखदतं. तेलाला तर पाण्याच्या निम्मीच उष्णता पुरते, आणि फोडणीला आपण घेतो दोन चमचे. त्या दोन चमच्यांचा धूर व्हायला अर्धं मिनिट पुष्कळ झालं. कांदा अर्धा चिरून होण्याचा माझा हिशेब इथेच मोडला.

फोडणीसाठी म्हणून क्रम बदला. कांदा, मिरची, कढीपत्ता, हळद-हिंगाचा डबा सगळं हाताशी घ्या आणि मगच यंत्र चालू करा. ८०० वॅटच्या वर जाऊ नका. तेल घालतानाच त्यात मोहरीचे दोन-तीन दाणे सोडा. ते तडतडले की बाकीची मोहरी घाला, ती फुटायला लागली की यंत्र बंद करा. हो, बंदच. भांड्यात उरलेल्या उष्णतेवर जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता निवांत होतात. मग कांदा टाकून पुन्हा चालू करायचं. गॅसवर हे कोणी करत नाही, म्हणून ते सुचायला मला चार दिवस लागले. आता माझी हळद गॅसवरच्यापेक्षा पिवळी राहते.

तेल ठेवून दुसऱ्या खोलीत जाणं गॅसवरही वाईटच, पण इथे त्याला क्षमा नाही. ज्योत दिसत नाही, फुसफुस आवाज नाही, आणि तेल मात्र झपाट्याने पेट घेण्याच्या तापमानाकडे निघालेलं असतं. नॉनस्टिक तवा रिकामा ठेवून पूर्ण शक्तीवर तापवणं तर कटाक्षाने टाळा. २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप खराब व्हायला लागतो, आणि रिकामा तवा तिथे फार लवकर पोचतो.

दुधाचं वेगळंच. फ्रिजमधलं लिटरभर दूध मी पातळ बुडाच्या पातेल्यात २००० वॅटवर ठेवलं. वर अजून कोमट होतं तेव्हा तळाला तपकिरी पोळी धरली होती. सगळ्या दुधाला तो वास लागला, चहाही प्यायला नको वाटला. दूध जाड बुडाच्या पातेल्यात, १००० वॅटवर, मध्येमध्ये तळापासून ढवळत तापवा. पातेलं आधी पाण्याने विसळून घ्यायचं हे आजीचं सांगणं इथेही लागू आहे. कडेला बुडबुडे दिसले की ४०० वर आणा. साय वर यायला लागली की बंद करा, दूध लगेच बसतं. जुन्या कॉइलच्या शेगडीवर बटण बंद करूनही दूध उतू जायचं, तसं इथे होत नाही.

तरी ते एकदा गेलंच. उतू गेलेलं दूध बटणांच्या पट्टीवर पसरलं आणि यंत्राने ओल्या काचेला बोट समजून आपोआप टुंटुं करत स्वतःला बंद करून घेतलं. घाबरू नका. भांडं उचला, पट्टी कोरड्या फडक्याने पुसा, पुन्हा चालू करा. ओल्या हाताने बटणं दाबली तरी हाच तमाशा होतो. एक फडकं कायम बाजूला ठेवा.

आता कुकर, कारण याने माझी सर्वात जास्त दिशाभूल केली. वरण-भाताचा कुकर मी तीन शिट्ट्यांवर उतरवते, हे घरात ठरलेलं आहे. इंडक्शनवर तीन शिट्ट्या सात-आठ मिनिटांत झाल्या. मी खूश. झाकण उघडलं तर भात बरा, डाळ मात्र अख्खी. घोटायला गेले तर रवीखाली दाणे पळायला लागले.

शिटी म्हणजे वेळ नव्हे. कुकरच्या आत दाब वाढला की पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि त्या तापमानात डाळीला ठरावीक मिनिटं मिळावी लागतात. शिटी फक्त जादा वाफ बाहेर पडल्याची खबर देते. गॅसवर तीन शिट्ट्यांना पंधरा मिनिटं लागायची, आणि डाळ त्या मिनिटांवर शिजायची. मी आयुष्यभर श्रेय शिटीला देत होते.

तेव्हा इंडक्शनवर शिट्ट्या मोजू नका, घड्याळ पाहा. पहिल्या शिटीपर्यंत १६०० वॅट. मग ५०० ते ६०० वर आणून आठ मिनिटं. तूरडाळ अर्धा तास भिजवलेली असेल तर एवढं पुरतं. राजमा, छोले, मटकीची उसळ यांचा वेळ अर्थात वेगळा. मग बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. त्या आठ मिनिटांत एखादीच शिटी होईल किंवा होणारही नाही, आणि तुम्हाला सारखं वाटत राहील की आत काही चाललेलं नाही. चाललेलं असतं. एक काळजी घ्या. उष्णता झपाट्याने येत असल्यामुळे गॅस्केट सैल असेल तर वाफ दाब धरण्याऐवजी कडेने भराभर निघून जाते आणि तळाचं पाणी आटतं. इंडक्शनवर कुकर चढवायच्या आधी गॅस्केट नवं घ्या. कुकरही 'इंडक्शन बेस'चा लागतो, साध्या ॲल्युमिनियमच्या कुकरला यंत्र भांडं मानत नाही.

काळी बांगडी

थालीपीठ बिडाच्या तव्यावर लावलं, झाकण ठेवलं. चर्र आवाज आला, वासही चांगला. उलटलं तर मधोमध कच्चं, कडेलाही कच्चं, आणि दोहोंच्या मध्ये काळीकुट्ट गोल बांगडी. मोजून काढावी इतकी गोल.

काचेखालचं वेटोळं बांगडीच्या आकाराचं असतं आणि मधल्या मोकळ्या जागेत तापमान मोजणारा छोटा भाग बसवलेला असतो. तव्याची तेवढीच चकती थेट तापते, बाकीच्या तव्यापर्यंत उष्णता पसरत जावी लागते. गॅसवरही ज्योतीचा गोल असतो, पण ज्योत तव्याखाली लोळते, पसरते. इथे तसं काही नाही.

उपाय धीराचा आहे. तवा ६०० वॅटवर चार-पाच मिनिटं तापू द्या, म्हणजे उष्णता कडेपर्यंत जाते. मग थालीपीठ लावा. घाई झाली म्हणून १६०० करू नका, पुन्हा बांगडी उमटेल. अधूनमधून तवा उचलून बोटभर इकडेतिकडे सरकवा. उचलून, ओढून नव्हे. बिडाचा तवा काचेवरून ओढला तर ओरखडे पडतात आणि ते जात नाहीत. बिडाच्या थंड तव्याला एकदम पूर्ण शक्ती देऊ नका, तो तडकू शकतो. पातळ लोखंडी तवा तसं केल्यावर मधून फुगतो, आणि फुगलेला तवा काचेवर भोवऱ्यासारखा फिरत राहतो. माझ्याकडे एक आहे, हवा असेल तर घेऊन जा.

घावन, डोसे, आंबोळ्या यांनाही हाच नियम. पोळ्या मात्र मला इंडक्शनवर गॅसपेक्षा आवडायला लागल्या आहेत. १००० वॅट, जाड सपाट तवा, फडक्याने कड दाबत भाजली की घडीची पोळी छान सुटते. भाकरीही तव्यावर फुगते. पाणी लावलेली बाजू खाली भाजून झाली की पुन्हा उलटा आणि कडेकडेने फडक्याने दाबत फिरवा. पण विस्तवाला लावून टम्म फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा वेगळा, आणि ज्याच्या जिभेवर ती चव आहे त्याला ही पटणार नाही. सासूबाईंना अजून पटलेली नाही.

मंद आच हे इंडक्शनचं दुखणं आहे, आणि याबद्दल विकणारा कधी बोलत नाही. पडद्यावर ३०० वॅट लिहिलेलं असलं तरी बऱ्याच यंत्रांत प्रत्यक्षात काही सेकंद हजारेक वॅट आणि काही सेकंद शून्य असं आलटून पालटून चालतं. सरासरी ३०० येते. खीर ठेवून पाहा: उकळी, शांतता, उकळी, शांतता. जाड बुडाचं भांडं हा धक्का सोसतं, पातळ भांड्यात पदार्थ प्रत्येक उकळीला थोडाथोडा धरत जातो. बासुंदी आटवायची, पुरण आटवायचं तर जाडच भांडं लागेल आणि हात थांबवता येणार नाही.

बेसनाने मला इथे धडा दिला. दिवाळीला लाडवासाठी अर्धा किलो बेसन घेतलं, तूप घातलं आणि सर्वात कमी वॅट ठेवून ढवळत बसले. दहा मिनिटांत रंग आला. अरे वा, गॅसवर याला अर्धा तास लागतो. खमंग वासही आला, तो एका बाजूने आला आणि दुसऱ्या बाजूने जळका. तळाचं बेसन पुढे गेलं होतं, वरचं कच्चं होतं, आणि मी ते दोन्ही एकत्र ढवळत होते. त्यात साखर घालून कडूपणा झाकायचा प्रयत्न केला ही माझी आणखी एक चूक. तूप आणि साखर दोन्ही गेलं. बेसन, रवा, चिवड्याचे पातळ पोहे हे गॅसवर भाजा, असं माझं स्पष्ट मत आहे.

वांग्याचं भरीत तर बोलायलाच नको. वांगं उभं चिरून, तेलाचा हात लावून, झाकून ६०० वॅटवर तव्यावर मऊ होतं. खायला वाईट लागत नाही. पण त्याला धुराचा वास नसतो, म्हणून मी त्याला वांग्याची भाजी म्हणते. पापड तेवढा तव्यावर फडक्याने दाबून भाजता येतो. फुलके फुगवायची जाळी कॉइलच्या शेगडीवर चालते, इंडक्शनवर नाही.

भिंतीतली खोबणी

आता जरा गंभीर. २००० वॅटचं यंत्र २३० व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर प्रवाह ओढतं. मिक्सर, मोबाइल वगैरे लावायची लहान खोबणी ६ अँपिअरची असते. मी सुरुवातीला इंडक्शन एक्स्टेन्शन बोर्डावर लावलं होतं, कारण मोठी खोबणी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. चौथ्या दिवशी बोर्डाचं पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडलं आणि पिन काढताना बोटाला चटका बसला. त्या दिवशी बोर्ड काढला. इंडक्शनला १६ अँपिअरची खोबणी लागते, अर्थिंगसकट, आणि मध्ये दुसरं काहीही नको. खोबणी नसेल तर यंत्राच्या आधी वायरमनला बोलवा. गीझर, एसी, इस्त्री यांच्या जोडीने चालवणार असाल तर घराला मंजूर झालेला भार किती आहे तेही बिलावर पाहून घ्या.

यंत्राच्या खालून आणि मागून हवा आत-बाहेर जाते. तिथे भिंत चिकटलेली नको, वीतभर जागा सोडा. खाली वर्तमानपत्र किंवा प्लॅस्टिकचा कागद अंथरू नका, पंखा तो ओढून घेतो आणि यंत्र गुदमरतं. स्वयंपाक झाल्यावर पंखा थोडा वेळ चालूच राहतो, तो थांबल्यावर मग मुख्य बटण बंद करा. रात्री ऊब शोधत झुरळं आत शिरतात, म्हणून ओटा पुसल्याशिवाय झोपू नका. हे सांगणं सगळ्याच ओट्यांना लागू आहे म्हणा.

'काच तापत नाही' हे अर्धसत्य आहे. दुकानातल्या मुलाने भांडं आणि काच यांच्यामध्ये कागद ठेवून पाणी उकळून दाखवलं आणि मी टाळ्या वाजवल्या. पण पाणी शंभर अंशांवर थांबतं. पुऱ्या तळायचं तेल १८० अंशांवर असतं, ते भांडं काचेवर अर्धा तास बसलं की काचही तापलेली असते. पुऱ्या झाल्यावर मी भांडं उतरवलं आणि लगेच फडकं फिरवलं. तळहाताला फोड आला. तळण झाल्यावर दहा मिनिटं काचेला हात लावू नका, आणि कागदाचा तो खेळ घरी करू नका.

पाक सांडला तर मात्र लगेच, पण जपून, जाड फडक्याने टिपून घ्या. थंड झालेला साखरेचा पाक काचेला असा धरतो की काढताना काचेचा कपचा निघू शकतो. खलबत्ता, वरवंटा काचेच्या वरच्या फळीवर ठेवू नका. घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्यांनी चालू इंडक्शनपासून दोन फूट अंतर ठेवावं आणि आपल्या डॉक्टरांना एकदा विचारावं.

वीज गेली तर यंत्र बंद पडतं आणि वीज आल्यावर आपोआप चालू होत नाही. हे सुरक्षित आहे, पण इडल्या अर्ध्यात असतील तर त्या दगड होतात. घरगुती साधा इन्व्हर्टर हा भार उचलत नाही. जिथे भारनियमन आहे तिथे सिलिंडर परत करण्याचा विचारही करू नका.

खर्चाचं सगळे विचारतात. २००० वॅटवर अर्धा तास चालवलं की एक युनिट. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून भांड्यात जेवढी उष्णता पोचते, तेवढी इंडक्शनवर मिळवायला माझ्या हिशेबाने १३० ते १४५ युनिट लागतात. तुमच्या सिलिंडरच्या किमतीला या आकड्याने भागा. येणारी रक्कम तुमच्या युनिटच्या दरापेक्षा जास्त असेल तर इंडक्शन परवडतं. दर लावताना मात्र वरच्या टप्प्याचा लावा. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटांवर टप्पा बदलतो, आणि इंडक्शनची युनिटं तुमच्या आधीच्या वापराच्या डोक्यावर बसतात.

पैशात धरता न येणारा एक फायदा आहे. मे महिन्यात स्वयंपाकघरात पंखा लावून पोळ्या करता येतात. ज्योत विझायची भीती नाही, ओट्यापाशी धग नाही. ठाण्याच्या उन्हाळ्यात बारा पोळ्या लाटून झाल्यावर पदर कोरडा राहतो, हे मी प्रथमच अनुभवलं.

टिकल्या

यंत्रावर 'दूध', 'करी', 'डोसा', 'डीप फ्राय' अशी तयार बटणं असतात. मी ती सगळी वापरून पाहिली. यंत्र तापमान मोजतं ते काचेतून, म्हणजे भांड्याच्या आतल्या पदार्थाचं त्याला थेट कळत नाही. 'करी'च्या बटणाला आपली आमटी ठाऊक नाही. ती बटणं सोडून द्या, साध्या वॅटच्या पद्धतीवर शिका.

शिकायला एकदम सगळा स्वयंपाक घेऊ नका. पहिले दोन दिवस नुसतं पाणी आणि चहा. ४००, ८००, १२०० वॅटवर तुमच्या नेहमीच्या पातेल्यात किती वेळात काय होतं ते डोळ्यांनी पाहा. मग एका वेळी एकच पदार्थ, आणि तोही अर्ध्या मापाने. पाहुणे येणार त्या दिवशी इंडक्शनला हात लावू नका.

जे जमलं ते लगेच लिहून ठेवा: भांडं कोणतं, वॅट किती, मिनिटं किती. भांडं लिहायला विसरू नका, कारण त्याच वॅटवर पातळ पातेलं आणि जाड पातेलं वेगळं वागतं. दुसऱ्याच्या घरचे आकडे, अगदी या लेखातलेसुद्धा, सुरुवातीपुरते घ्या आणि आपल्या भांड्यांवर तपासून बदला.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी यंत्र बघून पदर खोचला आणि "ताई, मी नाही याला हात लावणार" म्हणून सांगून टाकलं. त्यांना चार घरं, चारही ओट्यांवर वेगळी यंत्रं, आणि सगळ्यांवर इंग्रजी अक्षरं. मी दोनदा समजावलं, काही उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. चालू-बंदच्या बटणाशेजारी मोठी लाल टिकली, वाढवायच्या बाजूला हिरवी, कमी करायच्या बाजूला काळी. आठवड्याभरात त्यांचा हात माझ्यापेक्षा बरा बसला. दूध तर त्यांच्याकडून एकदाही उतू गेलेलं नाही. तुमच्याकडेही घरातलं वडीलधारं माणूस किंवा मावशी हे यंत्र वापरणार असतील तर टिकल्या लावा, फक्त बटणाच्या वर नको, शेजारी.

आमचा आकड्यांचा कागद मांडणीच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. त्यावर सध्या बावीस पदार्थ आहेत. त्यातल्या बेसन, भरीत आणि फुलके या तिघांपुढे वॅटचा आकडा नाही, तिथे 'गॅस' लिहिलंय.